आकाशाची सनद

संक्रांतीच्या दिवशी गच्चीवर चढून पतंग उडवणारा पोरगा कायद्याच्या दृष्टीने काय करीत असतो, असा प्रश्न एखाद्या ओळखीच्या वकिलाला विचारून पाहावा. तो प्रथम हसेल. परंतु हसून झाल्यावर त्याने १९३४ चा विमानविषयक कायदा उघडला, तर त्याचे हसू जरा आवरेल. त्या कायद्यात ‘विमान’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तीत हवेच्या आधाराने तरंगणारी सगळी यंत्रे येतात. आणि पुढे उदाहरणादाखल जी नावे दिली आहेत त्यांत फुगे आहेत, हवाई जहाजे आहेत, ग्लायडर आहेत आणि चक्क पतंगही आहे. तो कायदा नव्वद वर्षे चालला. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला. पतंग त्यातही जागच्या जागी आहे. म्हणजे आमच्या चितेगावच्या गल्लीत दर संक्रांतीला निदान शे-दोनशे विमाने उडतात, आणि त्यांतली बरीचशी बोरीबाभळींत अडकून अपघातग्रस्त होतात!

कोणत्याही फौजदाराने आजवर त्यासाठी कोणा पोराचा कान धरलेला नाही, हे खरेच. तरीही ही मौज नुसती हसून सोडून देण्यासारखी नाही. कायदा लिहिणाऱ्याने वर पाहिले, आणि आकाशात जे जे दिसले ते ते यादीत घातले. खाली दोरा धरून उभा असलेला पोरगा मात्र त्याच्या नजरेत आला नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत त्या दोऱ्याच्या जागी बिनतारी लहरी आल्या, पतंगाला चार पंखे फुटले, त्याच्या पोटाखाली डोळा बसला, आणि त्याला आपण ड्रोन म्हणू लागलो. हौसेखातर ड्रोन उडवणाऱ्यांसाठी नियम कोणते असावेत, याविषयी सरकारने एकदा नव्हे, अनेकदा मसुदे प्रसिद्ध करून लोकांचे म्हणणे मागवले. त्या मागवण्याचा आणि त्याला मिळालेल्या उत्तराचा इतिहास मला वाचकांना सांगावयाचा आहे. परंतु त्याआधी थोडे मागे गेले पाहिजे.

१८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादेहून यमुना ओलांडून नैनीपर्यंत विमान नेले. बरोबर टपालाची थैली होती. तीत सहा हजारांच्या वर पत्रे होती. जगातले पहिले सरकारी हवाई टपाल म्हणून या उड्डाणाचे नाव झाले. प्रयागला त्या वेळी प्रदर्शन भरले होते, लोकांनी तोंडात बोट घातले. आणि त्याच १९११ साली हिंदुस्थान सरकारने विमाने बनवणे, बाळगणे, विकणे आणि परदेशातून आणणे यांवर नियंत्रण ठेवणारा कायदाही केला. देशात विमाने किती होती? हाताच्या बोटांवर मोजावी इतकीसुद्धा नसतील. सोनाराच्या दुकानात अजून सोने यायचे होते, पण कुलूप येऊन पोचले होते.

येथे कोणी वाचक म्हणेल की, गुरुजी, आपले शिवकर बापूजी तळपदे विसरलात काय? विसरलो नाही. १८९५ साली त्यांनी चौपाटीवर विमान उडवले, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. पण ते उडाल्याचा खात्रीचा पुरावा मिळत नाही. आणि ज्या वैमानिक शास्त्राच्या ग्रंथाचा या संदर्भात नेहमी दाखला दिला जातो, त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली दाखवून दिले. मला त्या गोष्टीत वेगळेच काही दिसते. चिराबाजाराकडच्या एका मराठी माणसाला यंत्र जुळवून ते समुद्राच्या वाळूवर न्यावेसे वाटले, आणि त्याला ‘परवाना दाखव’ म्हणणारा कोणीही नव्हता. सोळा वर्षांनी तो प्रयत्न झाला असता तर आधी अर्ज करावा लागला असता.

पुढची पावले झपाझप पडली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचे प्रमाणपत्र मिळाले, ते देशातले पहिले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून टपाल घेऊन मुंबईला जुहूवर विमान उतरवले. त्यानंतर दोन वर्षांनी १९३४ चा कायदा, आणि १९३७ साली त्याखालचे नियम. विमानातून छायाचित्रे घेण्यावर बंधन आले ते त्याच नियमांनी. आज लग्नाच्या वरातीवर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनला पाहून जो तो मान वर करतो, त्याच्या पोटाखालच्या डोळ्याची धास्ती इतकी जुनी आहे.

आमच्या चितेगावचे आकाश मात्र तेव्हा निजामाचे होते. औरंगाबाद जिल्हा हैदराबाद संस्थानात. इंग्रजी कायद्याची हद्द आमच्या शिवारापर्यंत येतच नव्हती. आणि आकाशाला सरकार का भिते, याचे उत्तर याच संस्थानाच्या शेवटच्या वर्षात सापडते. १९४८ साली सिडने कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात विमाने भरभरून निजामासाठी शस्त्रे आणीत होता. भारत सरकारने संस्थानाची नाकेबंदी केली होती. रस्ते अडवले होते, रेल्वे अडवली होती, वरची वाट तेवढी मोकळी होती. सप्टेंबरात पोलिस कारवाई झाली, १७ तारखेला मराठवाडा मुक्त झाला आणि तो खेळ संपला. पण दिल्लीच्या दप्तरात त्याची आठवण राहिली असणारच. पुढे १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री बंगालमधील पुरुलियाच्या खेड्यांवर एका विमानाने बंदुकांचा पाऊस पाडला, तेव्हा ती धास्ती काही केवळ कारकुनी नव्हती, हे देशाला पुन्हा कळले. सरकारच्या भीतीला आधार आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. नाही तर माझे पुढचे म्हणणे एकांगी ठरेल.

याच सरकारचा दुसरा चेहराही पाहण्यासारखा आहे. १९४८ साली राष्ट्रीय छात्र सेना निघाली आणि १९५० साली तिला हवाई शाखा जोडली गेली. त्या शाखेत मुलांना हलक्या लाकडाची छोटी विमाने बनवून उडवण्याचे शिक्षण देतात. म्हणजे एका खात्याने पतंगाला विमान ठरवून ठेवले होते, आणि दुसरे खाते पोरांच्या हातात विमान देऊन म्हणत होते, उडव, बाळा! छंद हा शिक्षणाचाच एक वर्ग आहे, हे त्या दुसऱ्या खात्याला उमगले होते. एका शाळामास्तराला त्याबद्दल आदर वाटावा, हे साहजिक आहे.

छंदावर परवाना बसवण्याची आपली जुनी खोड. माझ्या वडिलांच्या लोखंडी पेटीत रेडिओच्या परवान्याचे पुस्तक अजून आहे. घरात रेडिओ वाजवायचा तर दर साली पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तकात तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. सायकलीला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागे, आणि बिल्ला तपासणारा शिपाई दिसला की लोक सायकल हातात धरून बोळाने जात. ऐंशीच्या दशकात रेडिओचा परवाना गेला, सायकलीचे बिल्लेही हळूहळू गेले. जाताना कोणी रडले नाही. त्या परवान्याने देशाचे नेमके काय रक्षण झाले, हे मी वडिलांना एकदा विचारले होते. ते म्हणाले, “पोस्टमास्तरांशी ओळख राहिली.”

आता मागवण्याच्या आणि सांगण्याच्या रीतीकडे वळू. १८९७ साली एक कायदा झाला, सर्वसाधारण वाक्खंडांचा. नाव रुक्ष आहे. वाचताना डुलकी यावी असाच तो आहे. पण त्याचे तेविसावे कलम सोन्याचे आहे. नियम आधी प्रसिद्ध करून मग करावेत असे जेथे एखाद्या कायद्यात सांगितले असेल, तेथे सरकारने मसुदा छापावा, ज्यांना त्याची झळ लागण्याचा संभव आहे त्यांना कळू द्यावे, तारीख द्यावी, आणि त्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्याव्यात. ही इंग्रजी राजवटीतली गोष्ट. परक्या सरकारलासुद्धा, निदान कागदावर, विचारल्याशिवाय नियम करण्याची लाज वाटत होती.

आणि विचारले तर उत्तर देण्याची, किंबहुना न विचारताही उत्तर देण्याची, सवय आपल्या महाराष्ट्राला होती. २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली; जगन्नाथ शंकरशेट तिच्या पुढाऱ्यांत होते. कंपनीच्या सनदेचा विचार पार्लमेंटात व्हावयाचा होता, तेव्हा तिने थेट विलायतेला अर्ज पाठवला. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा निघाली. गणेश वासुदेव जोशी यांना लोक सार्वजनिक काका म्हणत ते त्यामुळेच. या सभेची एक गोष्ट मला फार आवडते. तिचा सभासद व्हावयाचे तर नुसती वर्गणी पुरत नसे. लोकांनी सह्या करून दिलेले मुखत्यारपत्र आणावे लागे. ‘आम्ही लोकांच्या वतीने बोलतो’ असे म्हणणाऱ्याच्या हातात कागद हवा! दुष्काळ पडला तेव्हा याच सभेने गावोगाव माणसे पाठवून हकीकत गोळा केली आणि सरकारपुढे ठेवली. त्या अर्जांना सरकारने प्रत्येक वेळी दाद दिली असे नाही. पण अर्ज बरोबर लिहिला गेला.

हे सारे डोळ्यांपुढे ठेवून ड्रोनची कथा ऐकावी. ७ ऑक्टोबर २०१४ रोजी नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने जाहीर सूचना काढली की, नियम होईपर्यंत कोणीही खाजगी माणसाने असले यंत्र उडवू नये. संपला विषय! पुढे मसुदे निघाले, आणि १ डिसेंबर २०१८ पासून पहिले नियम लागू झाले. त्यांचे सूत्र असे की, आधी परवानगी, मग उड्डाण. आणि परवानगी नसेल तर यंत्राने स्वतःच जमिनीवरून उठण्यास नकार द्यावा. घोड्याने मालकाकडे पास मागावा तसा हा प्रकार. जून २०२० मध्ये नवा मसुदा आला आणि १२ मार्च २०२१ रोजी त्याचे नियम झाले. त्यांत भरावयाचे नमुने पंचवीस होते आणि शुल्काचे प्रकार बहात्तर. बहात्तर! आमच्या शाळेच्या दप्तरात इतके प्रकार नाहीत, आणि शाळेच्या दप्तराची कीर्ती वाचक जाणतातच.

लोकांनी ओरड केली. अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी लिहिले, छोट्या कारखानदारांनी लिहिले, हौशी मंडळींनी लिहिले. आणि मग जे घडले ते आपल्या राज्यकारभारात विरळा घडते. सरकारने ते नियम मागे घ्यावयाचे ठरवले. १५ जुलै २०२१ च्या सुमारास नवा मसुदा लोकांपुढे ठेवला, ५ ऑगस्टपर्यंत म्हणणे मागवले, आणि २५ ऑगस्टला ड्रोन नियम, २०२१ प्रसिद्ध केले. मार्चचे नियम साडेपाच महिनेही टिकले नाहीत. पंचविसाचे पाच नमुने झाले, बहात्तराचे चार प्रकार झाले. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला, आणि धंद्यासाठी नसेल तर दोन किलोपर्यंतच्या यंत्रालाही, चालकाचा परवाना लागेनासा झाला.

या गोष्टीला मी फार मोठी मानतो, त्याचे कारण तारखांत आहे. २७ जून २०२१ च्या पहाटे जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत सरकारने नियम सैल करण्याचा मसुदा काढला. एखाद्याने म्हटले असते, आता तर दोर आवळलाच पाहिजे. पण तळावर स्फोटके टाकणारा काही पंचवीस नमुने भरून येत नाही, आणि नमुने भरणारा स्फोटके टाकीत नाही, हा साधा हिशेब त्या वेळी मान्य झाला. तो लोकांच्या पत्रांनी मान्य करवला, असे मला वाटते.

अडीचशे ग्रॅमची ही मर्यादा कोठून आली, हेही सांगण्याजोगे आहे. २०१५ साली अमेरिकेत एक मंडळ बसले होते. वरून पडलेले यंत्र माणसाच्या डोक्यात बसले तर जीव जाण्याचा संभव किती, याचे गणित मांडून त्याने तो आकडा काढला. आपल्या जुन्या मापात जवळजवळ पावशेर. आजीच्या भाषेत सांगायचे तर पावशेर साखरेची पुडी आकाशातून पडली तर टेंगूळ येईल, माणूस सहसा दगावणार नाही. नियम असावा तर असा, की ज्याच्या मुळाशी कोणाचे तरी डोके आहे.

आमच्या गावापुरता फरक कसा पडला पाहा. पूर्वी विमानतळाच्या कुंपणापासून पंचेचाळीस किलोमीटरपर्यंतचे आकाश परवानगीच्या पिवळ्या पट्ट्यात होते. चिकलठाण्यापासून तेवढे वर्तुळ काढले तर पैठण रस्त्यावरचे चितेगाव, बिडकीन आणि भोवतालची कितीतरी शिवारे त्यात गडप होतात. नव्या नियमांनी ते अंतर बारा किलोमीटरवर आणले. बिडकीन सुटले, आणि आम्ही काठावर आलो. चितेगावात एकाही माणसाने त्या वर्तुळाविषयी कधी ऐकले नव्हते. ते आले तसेच गेले.

गावाला ड्रोन कळला तो निराळ्या वाटेने. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात २०१८ साली गावठाणाची मोजणी ड्रोनने झाली, आणि पुढे ही पद्धत गावोगाव गेली. ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या कागद नव्हता त्यांना सनदा मिळू लागल्या. चुन्याने हद्दी आखून लोक अंगणात उभे राहिले आणि वरून जाणाऱ्या यंत्राला त्यांनी हात केले. मग २०२४ चा पावसाळा आला. बीड, जालना आणि आमच्या जिल्ह्यातल्या गावांवर रात्री-अपरात्री दिवे घिरट्या घालताना दिसू लागले. चोर टेहळणी करतात, अशी आवई उठली. माणसे काठ्या घेऊन पाळीपाळीने जागली, बाया अंगणात झोपेनात. ज्याला दिवसा हात केला होता, त्यालाच रात्री दगड मारायला लोक टपले. यंत्र तेच; पण सनद देणारे कोणाचे ते माहीत होते आणि रात्रीचे कोणाचे ते माहीत नव्हते. नोंदणी असावी, यंत्राला आणि मालकाला नाव असावे, हे मला त्या रात्रींनी पटवले.

१६ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने नागरी ड्रोनविषयीच्या नव्या विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. नियम नव्हेत, आता स्वतंत्र कायदा. विमा सक्तीचा, अपघातात माणूस गेल्यास अडीच लाखांची भरपाई, पोलिसांना यंत्र जप्त करण्याचा अधिकार, आणि काही गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कैद. भरपाईची कल्पना चांगली. कोणी नाही म्हणणार नाही. पण म्हणणे मांडण्याची मुदत होती ३० सप्टेंबरपर्यंत, म्हणजे चौदा दिवस. २०१४ साली याच केंद्र सरकारने धोरण ठरवले होते की, कायद्याचा मसुदा लोकांपुढे किमान तीस दिवस असावा आणि त्याबरोबर सोप्या भाषेतले टिपण असावे. आणि ते चौदा दिवस कोणते? त्याच पंधरवड्यात मराठवाड्यावर आभाळ फाटले. सोयाबीन पाण्यात, कपाशी पाण्यात, जायकवाडीचे दरवाजे उघडलेले, पैठणला गोदाकाठची माणसे बोचकी घेऊन उंचावर निघालेली. वरच्या आकाशाचे काय करावे, हे विचारायला दिल्लीला नेमका असा मुहूर्त मिळाला!

तरी आम्ही उत्तर लिहिले. आम्ही म्हणजे कोण? लग्नात चित्रीकरण करणारा एक तरुण, फवारणीचे यंत्र भाड्याने देणारा एक शेतकरी, जुन्या पंख्याच्या मोटारी काढून विमान करू पाहणारी नववीतली दोन मुले, आणि मी लेखणी धरणारा. शाळेच्या ओट्यावर बसून, वरून पावसाचे थेंब झेलीत, दोन संध्याकाळी वाद झाला. चित्रीकरणवाल्याला विम्याचा हप्ता किती येईल याची चिंता. शेतकरी म्हणाला, “सर, तीन वर्षं कैद म्हणलं की पोरगं यंत्राला हातच लावणार नाही. दंड करा ना, लागंल तेवढा.” मुलांचा मुद्दा सरळ होता: आम्ही घरी बनवलेल्या विमानाला कारखान्याचा दाखला कोठून आणावयाचा?

मी त्यांना मांजाची गोष्ट सांगितली. नायलॉनच्या मांजाने गळे चिरू लागले, पक्षी मरू लागले, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये तो मांजा देशभर बंद केला. पतंग बंद केला नाही. इजा कशाने होते ते पाहिले आणि तेवढ्यावरच बोट ठेवले. आमच्या पत्राचा कणा तोच झाला. पावशेराच्या आतले यंत्र आणि शिकण्यासाठी घरी बनवलेले विमान यांची सूट पुढच्या नियमांवर न सोपवता कायद्याच्या मजकुरातच लिहावी. हौशी माणसाच्या पहिल्या चुकीला कैद नसावी. रात्री वस्तीवर यंत्र फिरवणाऱ्याला मात्र दया नको. आणि मसुदा मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा, दवंडी द्यावी.

पत्र संपत आले तेव्हा ओट्याशेजारी राहणाऱ्या आजी भिंतीआडून सगळे ऐकत होत्या त्या पुढे आल्या. गावातल्या निम्म्या न्हाण्यांना अजून छप्पर नाही. चार कुडे आणि वर आभाळ. त्या म्हणाल्या, “अरे पोरांनो, विमानाचं लिवलं, फवाऱ्याचं लिवलं. बाईमाणूस न्हायला बसलं आन्‌ वर ते भिरभिरलं तर कुणाला सांगायचं, ते लिवलं का?” कोणी लिहिले नव्हते. तिघा पुरुषांना आणि दोन मुलांना ते दोन संध्याकाळी सुचले नव्हते. ते पाचवे कलम झाले, त्यांच्याच शब्दांत, फक्त ‘लिवलं’चे ‘लिहिले’ केले. तक्रार गावातच, पोलिस पाटलाकडे, तोंडी घेतली जावी आणि तिची पोच मिळावी, एवढे त्याखाली जोडले. पत्र संगणकावरून पाठवायचे होते, पण आजींनी सही कागदावरच हवी म्हणून हट्ट धरला. तेव्हा कागद छापला, सगळ्यांनी सह्या केल्या, चित्रीकरणवाल्याने त्याचे छायाचित्र काढले आणि २९ तारखेच्या रात्री, वीज आली त्या अर्ध्या तासात, ते दिल्लीला रवाना झाले.